दुसऱ्याच्या ओंजळीने स्वराज्य

डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातील सुमारे अडीचशे नगरपरिषदा आणि चाळीसहून अधिक नगरपंचायतींच्या निवडणुका एकदाच्या पार पडल्या. कोल्हापूर जिल्ह्यातील गडहिंग्लज नगरपरिषदही त्यांतलीच एक. २०१६ च्या अखेरीस निवडून आलेल्या सभागृहाची मुदत संपल्यानंतर सुमारे चार वर्षे या गावाचा कारभार प्रशासकाच्या सहीने चालत होता. आता पुन्हा नगराध्यक्ष आले, नगरसेवक आले, सभागृहात खुर्च्या भरल्या. लोकशाहीच्या दृष्टीने ही समाधानाची बाब आहे, यात शंका नाही. परंतु गुलाल धुऊन निघाल्यावर एक प्रश्न उरतोच. या निर्वाचित मंडळींच्या हाती नेमके आहे तरी काय? सत्ता आहे, पण ती राबविण्यासाठी लागणारा स्वतःचा पैसा आहे काय? या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर शोधल्याशिवाय 'स्थानिक स्वराज्य' या शब्दातील 'स्व' सापडणार नाही.

गडहिंग्लजचे उदाहरण मुद्दाम घेण्यासारखे आहे. हिरण्यकेशीच्या काठी, संकेश्वर-आजरा-आंबोली या कोकणात उतरणाऱ्या जुन्या व्यापारी मार्गावर आणि कर्नाटकाच्या सीमेला लागून हे गाव वसले आहे. मिरचीची आणि गुळाची बाजारपेठ ही त्याची पूर्वापार ओळख. प्रांत कार्यालय येथे आहे, शाळा-महाविद्यालये आहेत, दवाखाने आहेत. आजरा आणि चंदगड तालुक्यांतील माणसाची पावले बाजारासाठी, शिक्षणासाठी आणि औषधपाण्यासाठी इकडेच वळतात. २०११ च्या जनगणनेत या गावाची लोकसंख्या सत्तावीस हजारांच्या आसपास नोंदली गेली. परंतु आठवडी बाजाराच्या दिवशी येथील रस्ते, गटारे आणि पाण्याचे नळ जो भार सोसतात, तो जनगणनेच्या आकड्यात मावणारा नाही. त्यातच नगरपरिषदेच्या हद्दीला लागून उभ्या राहिलेल्या वाढीव वसाहतींचा प्रश्न वर्षानुवर्षे गाजला. घर हद्दीबाहेर, पोट मात्र शहराच्या बाजारात, ही स्थिती महाराष्ट्रातील बहुतेक सर्वच तालुक्याच्या गावांची आहे. सेवा घेणारे वाढतात. कर देणारे मात्र त्या प्रमाणात वाढत नाहीत.

१९९२ साली संसदेने संमत केलेली ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली. नगर नियोजनापासून पाणीपुरवठ्यापर्यंत आणि झोपडपट्टी सुधारणेपासून स्मशानभूमीपर्यंत अठरा विषय बाराव्या परिशिष्टात नोंदले गेले. दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग नेमावा आणि राज्याच्या महसुलातील न्याय्य वाटा नगरांना द्यावा, अशी तरतूदही झाली. हेतू उदात्त होता. पण घटनेने विषयांची यादी दिली, करांची यादी दिली नाही. कोणते काम सोपवायचे आणि कोणता कर वसूल करू द्यायचा, हे ठरविण्याचा अधिकार राज्य शासनाकडेच राहिला. दिल्लीकडे अधिकारांच्या विकेंद्रीकरणाची मागणी करणारी मुंबई, गडहिंग्लजला अधिकार देण्याची वेळ आली की स्वतःच दिल्ली होते. पक्ष कोणताही असो, या वागण्यात फरक पडलेला नाही.

१९९९ साली राज्यातील नगरपालिकांची जकात रद्द झाली. जकातीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. नाक्यावर खोळंबलेल्या मालगाड्या, पावतीविना होणारी देवघेव आणि त्यातून पोसला गेलेला भ्रष्टाचार यांनी ती कर पद्धत बदनाम झालीच होती. तथापि तिच्यात एक गुण होता. गावाचा बाजार वाढला की गावाच्या तिजोरीत भर पडत असे. व्यापाऱ्याची भरभराट आणि नगरपालिकेची भरभराट एका दोरीने बांधलेली होती. जकात गेली आणि तिच्या जागी सहायक अनुदान आले. त्या दिवसापासून ही दोरी तुटली. आज मिरचीचा भाव चढला, दुकाने वाढली, उलाढाल दुप्पट झाली, तरी नगरपरिषदेच्या खात्यात मुंबईहून सूत्रानुसार ठरलेली रक्कमच जमा होते, आणि तिचा मोठा भाग कर्मचाऱ्यांच्या वेतनातच संपतो. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला. केंद्राचा आणि राज्याचा वाटा कायद्याने निश्चित झाला. तिसऱ्या स्तराचा, म्हणजे ज्या गावात तो व्यवहार प्रत्यक्ष घडतो त्या गावाचा वाटा मात्र त्या कायद्याने ठरविला नाही.

मग हक्काचे म्हणून उरले काय? घरपट्टी, पाणीपट्टी आणि गाळ्यांचे भाडे. दर चार वर्षांनी मालमत्तांची फेरआकारणी करावी, अशी व्यवस्था आहे. प्रत्यक्षात फेरआकारणीचा विषय निघाला की विरोधक मोर्चा काढतात आणि सत्ताधारी स्थगिती आणतात. पुढच्या निवडणुकीत दोन्ही बाजू सत्तापालट करून तोच खेळ पुन्हा खेळतात. करवाढ न करणारे अंदाजपत्रक सादर झाले की बाके वाजतात. परंतु न वाढविलेल्या कराची किंमत कोण मोजते? ज्याच्याकडे विंधन विहीर आणि मोठी टाकी आहे, त्याला नगरपरिषदेचे पाणी एक दिवस आले नाही तरी फरक पडत नाही. नळावर अवलंबून असलेल्या दोन खोल्यांच्या घरातील गृहिणीला तो पडतो. पाणीपट्टी वर्षानुवर्षे थकविणारा मोठा मालमत्ताधारक आणि ती वेळेवर भरणारा पेन्शनर शिक्षक यांना एकाच रांगेत उभे करणारी व्यवस्था गरिबाच्या हिताची आहे, असे म्हणता येत नाही.

स्वतःचा पैसा नसला की दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी प्यावे लागते. आमदार निधी, जिल्हा नियोजनाचा निधी, नगरोत्थान आणि केंद्राच्या विविध योजना, यांतून पैसा येतो; नाही असे नाही. पण तो येतो तो अटींसह आणि शीर्षकासह. ज्या कामाला योजना आहे ते काम होते. गावाला ज्याची गरज आहे ते होईलच, असे नाही. स्वागत कमानीसाठी निधी मिळतो, पण जुन्या जलवाहिनीची गळती काढण्यासाठी मिळत नाही. उद्यान उभे राहते. त्यातील माळ्याच्या पगाराची तरतूद मात्र कोणत्याच योजनेत नसते. आणि मुख्य म्हणजे, निधी ज्याने आणला त्याच्या नावाचा फलक लागतो. नगरसेवक मतदाराकडे पाहणे सोडून मंत्रालयाकडे पाहू लागतो. नागरिकही 'आमच्या पैशाचे काय केलेत?' असे विचारीत नाही. 'आमच्यासाठी काय आणलेत?' असे विचारतो. येथेच नागरिकाचा याचक होतो.

ही व्यथा एकट्या गडहिंग्लजची नाही. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२२ मध्ये नगर प्रशासनाच्या अर्थकारणावर अहवाल प्रसिद्ध केला. भारतातील महानगरपालिकांचे अर्थकारण राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे एक टक्क्यावर खिळलेले आहे, असे त्यात दिसते. हेच प्रमाण ब्राझीलमध्ये सात टक्क्यांहून अधिक आणि दक्षिण आफ्रिकेत सहा टक्के आहे. ग्रामपंचायतींची स्थिती तर याहून बिकट. जानेवारी २०२४ च्या अशाच अहवालानुसार पंचायतींच्या एकूण उत्पन्नात त्यांच्या स्वतःच्या करांचा वाटा जेमतेम एक टक्क्याच्या घरात आहे. जगातील बलाढ्य अर्थव्यवस्थांच्या पंक्तीत बसू पाहणाऱ्या देशाच्या पायातील हे हाडांचे दुखणे आहे. वरवरच्या मलमाने ते बरे होणार नाही.

प्रशासकीय राजवटीचा हिशेबही येथे मांडला पाहिजे. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात गेला, प्रभाग रचनेचे कायदे बदलले, पुन्हा बदलले. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घेण्याचा स्पष्ट आदेश द्यावा लागला. या काळात महाविकास आघाडीचे सरकार होते आणि २०२२ नंतर महायुतीचेही होते. विलंबाचे पाप एकाच्या माथी मारून दुसऱ्याला मोकळे होता येणार नाही, आणि राष्ट्रीय विचारांच्या मंडळींनी तर तसे मुळीच करू नये. प्रशासकाच्या काळात कामे वेगाने झाली, राजकारण थांबले, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. परंतु निर्वाचित मंडळ नाही म्हणून पंधराव्या वित्त आयोगाचा निधी अडकून पडला, ही किंमत त्या वेगातून वजा करावी लागेल. शिवाय प्रशासक बदलून जातो. चुकलेल्या निर्णयाचा जाब त्याला चौकात उभे करून विचारता येत नाही.

विकेंद्रीकरण ही पाश्चात्त्यांनी दिलेली देणगी आहे आणि त्याचा आरंभ १८८२ च्या लॉर्ड रिपनच्या ठरावापासून झाला, असे पाठ्यपुस्तकांतून शिकविले जाते. तमिळनाडूतील उत्तरमेरूर येथील दहाव्या शतकातील चोलकालीन शिलालेख निराळीच साक्ष देतो. सभेचे सदस्य ताडपत्रावर नावे लिहून, घटातून चिठ्ठी काढून निवडले जात. आणि ज्याने समितीवर असताना हिशेब दिला नाही, तो स्वतः तर अपात्र ठरेच. त्याचे जवळचे नातलगही अपात्र ठरत. त्या व्यवस्थेत जमीनधारणेची अट होती आणि स्त्रियांना स्थान नव्हते, हेही मान्य केले पाहिजे. आज प्रत्येक प्रौढाला मत आहे, महाराष्ट्रात निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. हे पुढचे पाऊल आहे. पण हिशेबाबाबतचा तो कडकपणा मात्र आपण हरवून बसलो. पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ साली मुंबईतील व्याख्यानांतून एकात्म मानव दर्शन मांडले. राजकीय आणि आर्थिक सत्ता एका ठिकाणी साचू नये, ती समाजाच्या सर्व अंगांत वाहती राहावी, हा त्या विचाराचा गाभा आहे. त्या विचाराचा वारसा सांगणाऱ्यांची सत्ता आज राज्यात आणि केंद्रात आहे. म्हणूनच अपेक्षाही त्यांच्याकडूनच अधिक.

करण्याजोग्या गोष्टी फार नाहीत. पण त्या टाळता येण्याजोग्याही नाहीत. राज्याच्या वस्तू व सेवा कराच्या उत्पन्नातील ठरावीक टक्के रक्कम कायद्याने नगरांना आणि गावांना मिळावी. ती कोणत्याही मंत्र्याच्या शिफारशीवर अवलंबून नसावी. राज्य वित्त आयोग वेळेवर नेमला जावा आणि त्याचा अहवाल कपाटात न राहता विधिमंडळात चर्चिला जावा. मालमत्तांची फेरआकारणी सभागृहाच्या मर्जीबाहेर, स्वतंत्र यंत्रणेकडून आणि ठरल्या वेळी व्हावी. लहान घराला सवलत जरूर द्यावी, पण तिचा भार कोणी उचलावा तेही उघडपणे सांगावे. क्षेत्रसभेची तरतूद कायद्यात येऊन दीड दशक उलटले. ती कागदावरून मोहल्ल्यात आणि गल्लीत उतरावी. तीन लाखांखालील शहरांना प्रभाग समितीचे बंधन नाही, ही सबब पुढे करून लहान गावातील नागरिकाला सभागृहाबाहेर ठेवू नये. सोळाव्या वित्त आयोगाचा कालखंड एप्रिल २०२६ ते मार्च २०३१ असा आहे. नव्या सभागृहांची कारकीर्द जवळपास तीच आहे. घर नीट करायला याहून योग्य वेळ मिळणार नाही.

यातील पुष्कळसे शासनाने करायचे आहे. पण काही गोष्टी समाजाने, विशेषतः सज्जनशक्तीने करायच्या आहेत. गणेशोत्सव संपला की गल्लीतील मंडळ जमाखर्चाचा कागद फलकावर लावते. यात्रा झाली की पंच गावासमोर हिशेब वाचतात, आणि एखादी रक्कम जुळली नाही तर म्हातारीकोतारीही उठून विचारतात. शंभर रुपयांच्या वर्गणीचा हिशेब मागणारा हा समाज कोट्यवधींच्या नगरपरिषदेच्या अंदाजपत्रकाविषयी मात्र उदासीन असतो, कारण तो पैसा आपल्या खिशातून गेला असे त्याला वाटतच नाही. कार्यकर्त्यांनी फेब्रुवारीत येणारे अंदाजपत्रक मिळवावे, सोप्या मराठीत चार पानांत मांडावे आणि वस्तीवस्तीत वाचून दाखवावे. लेखापरीक्षणातील आक्षेप विचारावेत. आणि हे सर्व करण्यापूर्वी स्वतःच्या घरपट्टीची पावती खिशात ठेवावी. ती असली की प्रश्न विचारणाऱ्याचा आवाज आपोआप खणखणीत होतो.

गडहिंग्लजपासून जवळच नेसरीच्या खिंडीत सरसेनापती प्रतापराव गुजर आणि त्यांच्या सहा साथीदारांनी १६७४ साली स्वराज्यासाठी देह ठेवला. त्या परिसरात राहणाऱ्या नागरिकांना स्वराज्याचा अर्थ नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. त्यांनी स्वराज्यासाठी प्राण दिले. आज मागणी आहे ती वेळेवर भरलेल्या पट्टीची आणि न चुकता विचारलेल्या हिशेबाची.