स्वस्त मोटारीचा पूर्वेतिहास

काशीत नारद घाटास लागून असलेला घाट आज राजा घाट या नावाने ओळखला जातो. परंतु त्याचे जुने नाव अमृतराव घाट. रघुनाथरावांचे दत्तक पुत्र अमृतराव पेशवे यांनी आयुष्याचा उत्तरकाळ उत्तर हिंदुस्थानात घालविला आणि हा घाट दगडात पक्का करविला. दर पावसाळ्यात गंगा चढते, पायऱ्या पाण्याखाली जातात आणि पूर ओसरला म्हणजे जाड गाळ मागे राहतो. तो गाळ पंपाच्या पाण्याने धुऊन काढला की घाट पुन्हा पूर्ववत वापरात येतो. दगडाला बुडणे सोसते. मोटारीला ते सोसत नाही, आणि आजच्या लेखाचा विषय नेमका हाच आहे.

शहराच्या उत्तरेस राजघाट येथे जो जलमापक आहे, त्यावर धोक्याची पातळी ७१.२६ मीटर धरली जाते. सप्टेंबर १९७८ मध्ये पाणी ७३.९० मीटरपर्यंत चढले होते. २०२१ आणि २०२५ या वर्षांच्या ऑगस्ट महिन्यांतही धोक्याची पातळी ओलांडली गेली. गंगा अशी चढली की तिचे पाणी वरुणा नदीत उलटे शिरते आणि वरुणाकाठच्या वस्त्या जलमय होतात. घाटामागच्या अरुंद गल्ल्यांत मोटार शिरतच नाही. पण नदीकाठच्या नव्या वस्त्यांत ती दारोदार उभी असते. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी, सांगली-कोल्हापुराकडे ऑगस्ट २०१९ मध्ये आणि चिपळुणास जुलै २०२१ मध्ये जे घडले, त्याचे स्मरण महाराष्ट्रातील वाचकांना करून द्यावयास नको. पाणी ओसरते, घरे स्वच्छ होतात. मग त्या बुडालेल्या मोटारींचे पुढे काय होते? त्यांपैकी काही भंगारात जातात. काही मात्र धुऊन, रंगवून, सुगंध फवारून पुन्हा बाजारात येतात, आणि बहुधा दूरच्या गावी विकल्या जातात.

समजा, अमृतराव घाटामागे पिढ्यान्‌पिढ्या राहणारे एक मराठी कुटुंब आहे. घरात वृद्ध आजी आहेत, शाळेत जाणारी दोन मुले आहेत. आजींना रुग्णालयात न्यावयाचे, गावाकडून आलेल्या आप्तांना प्रयाग व गया दाखवून त्रिस्थळी यात्रा घडवावयाची, यासाठी एक मोटार असावी असे सर्वांना वाटते. शिल्लक आहे तीन लाख रुपये. बाजारात ज्या मोटारीला पाच लाख पडतात, तीच एक विक्रेता तीन लाखांत देऊ करतो. तो प्रामाणिकपणे सांगतो, “गाडी विम्यात टोटल लॉस झाली होती, आम्ही ती नवी करून घेतली आहे.” घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, अशी संधी पुन्हा येणार नाही. दुसरा म्हणतो, यात काहीतरी काळेबेरे आहे. निर्णय कसा करावा?

प्रथम ‘टोटल लॉस’ या शब्दांचा अर्थ समजून घेऊ. विमा उतरविताना मोटारीची एक किंमत ठरते. ती वयाबरोबर घटत जाते. पहिल्या सहा महिन्यांत पाच टक्के, तर चार ते पाच वर्षांच्या मोटारीसाठी पन्नास टक्के घट धरली जाते. नुकसान दुरुस्त करण्याचा खर्च या ठरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांहून अधिक होत असेल, तर दुरुस्ती परवडत नाही असे मानून विमा कंपनी मोटारीची भरपाई देऊन टाकते. उरलेला सांगाडा लिलावाने किंवा अन्य मार्गाने विकला जातो.

आता आपल्या उदाहरणातील हिशेब मांडा. मोटारीची विम्यातील किंमत चार लाख होती असे धरले, तर योग्य दुरुस्तीस तीन लाखांहून अधिक खर्च येईल असा अंदाज निघाला होता, हे उघड आहे. विक्रेत्याने सांगाडा विकत घेतला, दुरुस्त केला, आपला नफा धरला, आणि तरीही तो तीन लाखांत विकतो आहे. म्हणजे दुरुस्तीवर त्याने अंदाजापेक्षा पुष्कळच कमी खर्च केला. हा फरक कोठून आला? काही भाग जुन्या बाजारातील स्वस्त सुट्या भागांमुळे वाचला असेल. पण काही भाग असाही असू शकेल, की जे काम करावयास हवे होते ते केलेच गेले नाही. न केलेले काम कोठे दडले आहे, हे शोधणे म्हणजेच अशा मोटारीची परीक्षा.

येथे पाण्यात बुडालेली आणि धडक बसलेली, असे दोन प्रकार वेगळे धरले पाहिजेत.

पाण्यातून निघालेली मोटार आज चालते, म्हणून ती बरी झाली असे समजू नये. आजच्या मोटारीत तारांचे जाळे आणि अनेक नाजूक विद्युत्-उपकरणे असतात. तारांच्या जोडांत शिरलेला ओलावा हळूहळू तांबे खातो. दोष दिसू लागतो तो कित्येक महिन्यांनी. शिवाय चालत्या इंजिनात पाणी ओढले गेले असेल तर ते हवेसारखे दाबले जात नाही, आणि पिस्टनचे दांडे वाकतात. सर्वांत गंभीर गोष्ट म्हणजे अपघातसमयी फुगणारी एअरबॅग आणि तिचे नियंत्रक यंत्र. ते ओले झाले असेल तर ऐन वेळी काम करील याची शाश्वती कोण देणार? म्हणून आमचे मत स्पष्ट आहे : आत गाळ शिरलेली मोटार कितीही स्वस्त असो, कुटुंबासाठी घेऊ नये.

ती ओळखावी कशी? सीटचा पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढून पाहावा. वरचा भाग स्वच्छ असतो, पण गुंडाळीच्या आतल्या टोकास मातीचा डाग राहिलेला असतो. जाजम उचलावे. जादा चाक ठेवण्याच्या खोलगट जागेत हात घालून गाळ चाचपावा. सीटखालच्या बोल्टांवर गंज, दिव्यांच्या काचेत आतून साचलेले बाष्प, जुन्या मोटारीत अगदी कोरे जाजम, कुबट वास किंवा तो झाकणारा भडक सुगंध, ही सर्व लक्षणे बोलकी आहेत.

धडक बसलेल्या मोटारीबाबत मात्र सरसकट नकार देणे अन्यायाचे होईल. आठ-नऊ वर्षांच्या मोटारीची विम्यातील किंमत इतकी उतरलेली असते, की दोन दारे, एक बंपर आणि पुढची काच बदलण्याचा खर्चही ७५ टक्क्यांची मर्यादा ओलांडू शकतो. अशा मोटारीचा सांगाडा शाबूत असेल, तर ती वर्षानुवर्षे उत्तम सेवा देईल. उलट, चॅसी वाकून सरळ केलेली असेल, तर ती रस्त्यावर एका बाजूस ओढली जाते, टायर वाकडे झिजतात, आणि दुसऱ्या धडकेच्या वेळी ती प्रवाशांचे रक्षण करील असा भरवसा धरता येत नाही. बॉनेटच्या बोल्टांवर पान्याच्या खुणा आहेत काय, दोन्ही बाजूंच्या दारांमधील फटी सारख्या आहेत काय, खालच्या लोखंडावर नव्या वेल्डिंगचे जोड आहेत काय, हे पाहावे. किल्ली फिरविताच एअरबॅगचा दिवा क्षणभर लागून विझला पाहिजे. तो लागतच नसेल, तर कोणीतरी तो मुद्दाम बंद केला असण्याचा संभव आहे. आपल्या विश्वासातील मिस्त्रीकडून मोटार उचलून खालून तपासून घ्यावी. त्यास द्यावे लागणारे पैसे हा खर्च नसून विमाच आहे.

यंत्राइतकीच कागदांची तपासणी महत्त्वाची. अमेरिकेतील राज्यांत अशा मोटारीच्या मालकीपत्रावरच ‘सॅल्व्हेज’ असा शेरा पडतो. तरीही २००५ च्या कॅटरिना वादळानंतर पाण्यात बुडालेल्या अनेक मोटारी दुसऱ्या राज्यांत नेऊन शेरा पुसून विकल्या गेल्या. तेथे शिकावयास गेलेल्या आपल्या मुलामुलींनी हे ध्यानी ठेवावे. आपल्याकडे नोंदणी प्रमाणपत्रावर असा शेरा सहसा आढळत नाही, म्हणून येथे ग्राहकाने अधिक दक्ष असले पाहिजे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५५ प्रमाणे मोटार नष्ट झाली अथवा कायमची निरुपयोगी झाली, तर मालकाने चौदा दिवसांत, किंवा शक्य तितक्या लवकर, नोंदणी अधिकाऱ्यास कळवावयाचे असते आणि नोंदणी रद्द होऊ शकते. तेव्हा नोंदणी आजही वैध आहे काय, कर्जाचा बोजा उतरला आहे काय, हे परिवहन खात्याच्या वाहन संकेतस्थळावर प्रथम पाहावे.

यानंतर चॅसीवर कोरलेला क्रमांक प्रमाणपत्राशी स्वतः ताडून पाहावा. हा उपचार नव्हे. टोटल लॉस झालेल्या मोटारीचे कागद विकत घ्यावयाचे, त्याच बनावटीची मोटार चोरावयाची आणि तिच्यावर सांगाड्याचा क्रमांक ठोकावयाचा, अशी कार्यपद्धती असलेली एक टोळी २०२० साली लखनौ पोलिसांनी उघडकीस आणली होती. अशा मोटारीत गुंतविलेले पैसे बुडतातच, शिवाय चौकशीचा ससेमिरा मागे लागतो.

विक्रेत्याकडून मागील वर्षांच्या विमा-पत्रांच्या प्रती मागाव्यात. दावा न केल्याबद्दल मिळणारी सूट, म्हणजेच नो क्लेम बोनस, वीस टक्क्यांपासून वाढत पन्नास टक्क्यांपर्यंत जाते. ती एखाद्या वर्षी एकदम शून्यावर आली असेल, तर त्या वर्षी काय घडले हे विचारावे. सर्वेक्षकाचा अहवाल आणि दुरुस्तीपूर्वीची छायाचित्रे मिळाल्यास फारच उत्तम. आपण ज्या विमा कंपनीकडे जाणार, तिला मोटारीचा इतिहास सांगून तिच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा मिळेल किंवा नाही हे खरेदीपूर्वी लेखी विचारावे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या मोटारींच्या विक्रेत्यांना परिवहन खात्याचे प्राधिकारपत्र घेणे आवश्यक झाले आहे. ते पाहण्यास मागावे. व्यवहार झाल्यावर खरेदीदाराने तीस दिवसांच्या आत मालकीच्या हस्तांतरणाची माहिती नोंदणी अधिकाऱ्यास द्यावी. मोटार भाड्याने यात्रेकरूंसाठी चालविण्याचा विचार असेल, तर त्यासाठी स्वतंत्र परवाना लागतो; खासगी नोंदणीवर ते करता येत नाही.

आता दोन लाखांच्या बचतीकडे पुन्हा पाहू. ही मोटार पाच वर्षांनी आपण विकावयास काढू, तेव्हा तिचा इतिहास आपणास सांगावा लागेल आणि पुढचा गिऱ्हाईकही तितकीच सूट मागेल. तेव्हा आज मिळालेली सूट ही निव्वळ कमाई नसून बरीचशी उसनवारी आहे. ती फेडण्यापूर्वी दुरुस्तीचा खर्च किती येईल, हे सांगता येत नाही. म्हणून ज्या कुटुंबाची सारी शिल्लक तीन लाखांची आहे, त्याने ती सर्वच्या सर्व अशा मोटारीत घालू नये. अशा मोटारीचा विचार करावयाचाच, तर किमतीचा निदान एक चतुर्थांश भाग दुरुस्तीसाठी बाजूला राहील, इतक्याच किमतीची पाहावी. नाहीतर तीन लाखांतच लहान, जरा अधिक वयाची, पण सरळ इतिहासाची मोटार घ्यावी. ती कमी दिमाखदार असेल. पण गयेहून परतताना रात्रीच्या वेळी आजी आणि मुलांसह रस्त्यात उभे राहण्याची पाळी आणण्याचा संभव तिच्याकडून कमी.

गृहिणींनी या चर्चेत आवर्जून भाग घ्यावा, अशी आमची विनंती आहे. मोटारीच्या यंत्राचे ज्ञान नसले तरी हिशेबाची आणि माणसांची पारख त्यांना असतेच. विक्रेत्याला शेवटी एकच प्रश्न विचारावा : “या मोटारीला काय झाले होते आणि आपण काय बदलले, हे सही करून लिहून द्याल काय?” जो लिहून देईल, त्याची मोटार मिस्त्रीकडे न्यावी. जो हसून विषय बदलील, त्यास नमस्कार करून घरी परतावे.