ठिसूळ हाडं आणि गोळीचा प्रश्न

‘मोफत हाडे तपासणी शिबिर’ असा फलक महिला मंडळाच्या हॉलवर लागतो. टाच एका यंत्रात ठेवायची, दोन मिनिटांत चिठ्ठी हातात पडते, आणि चांगली धडधाकट आलेली पन्नाशीची बाई घरी जाते ती पेशंट होऊन. मग गटाच्या बैठकीत प्रश्न येतो : गोळी सुरू करू की नको?

चळवळीत वाढलेल्या आपल्यापैकी अनेकींचा पहिला कल ‘नको’कडे असतो, आणि तो उगाच नाही. नेट-एन इंजेक्शनाविरुद्ध १९८६ साली स्त्री शक्ती संघटना, सहेली आणि इतर गटांना सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं होतं. पुढे पाळी जाणं हाच जणू आजार ठरवून, हाडांच्या नि हृदयाच्या रक्षणासाठी म्हणून, जगभर बायकांना वर्षानुवर्षं हार्मोनच्या गोळ्या दिल्या गेल्या. २००२ साली अमेरिकेत सोळा हजारांहून अधिक स्त्रियांवर चाललेला अभ्यास मध्येच थांबवावा लागला. खुब्याची हाडं कमी मोडत होती खरी, पण स्तनाचा कर्करोग, हृदयविकार, पक्षाघात आणि रक्ताच्या गुठळ्या वाढत होत्या.

म्हणजे संशय घ्यायला आपण अनुभवातून शिकलो. पण संशय हा निर्णय नव्हे. म्हातारपणी खुब्याचं हाड मोडतं तेव्हा अनेकजणी पुन्हा पहिल्यासारख्या चालत नाहीत, काही तर वर्षभरात जातात. आणि अंथरुणाला खिळलेल्या बाईचं करणारी बहुधा दुसरी बाईच असते. सून, मुलगी नाहीतर ती स्वतः म्हातारी झालेली बहीण.

आधी त्या चिठ्ठीविषयी. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली एक रेषा आखली. तरुण गोऱ्या स्त्रियांच्या हाडांची सरासरी घनता हे माप धरलं. टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, उणे १ ते उणे २.५ च्या मध्ये असेल तर ऑस्टिओपेनिया. हे माप खुबा नि कण्याच्या डेक्सा तपासणीसाठी आहे. टाचेच्या यंत्राला ते लागू नाही, आणि नुसत्या टाचेच्या चिठ्ठीवर कुणी औषध सुरू करू नये. वय वाढलं की घनता उतरतेच. ‘पेनिया’ हा शब्द कितीही भारदस्त वाटला तरी तो आजार नाही.

आता औषधाचं. सर्वांत जास्त वापरात असलेलं अ‍ॅलेंड्रोनेट घेऊ. मणक्याचं हाड आधीच मोडलेल्या २,०२७ स्त्रियांचा तीन वर्षांचा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. खोटी गोळी घेणाऱ्यांत खुबा मोडण्याचं प्रमाण शेकडा २.२ होतं, औषध घेणाऱ्यांत १.१. जाहिरात म्हणणार, ‘धोका निम्मा!’ आपण म्हणू, शंभरजणींनी तीन वर्षं गोळी घेतली तेव्हा एकीचा खुबा वाचला. दोन्ही खरं आहे. पण याच बायकांत एक्स-रेवर दिसणारी मणक्याची नवी मोडणी शेकडा १५ वरून ८ वर आली, आणि सात हा आकडा लहान नाही. पाठीत बाक येतो, उंची घटते, झोपून कूस बदलता येत नाही, ते या मोडणीमुळे. पुढे १९९८ साली मणका न मोडलेल्या स्त्रियांचा निष्कर्ष आला : टी-स्कोअर उणे २.५ च्या खाली असलेल्यांना फायदा, त्यावर असलेल्यांना ठळक फायदा नाही.

त्यामुळे आमचं मत असं की, साध्या पडण्याने जिचं मनगट, मणका किंवा खुबा मोडला आहे तिने ‘नैसर्गिक’तेच्या अभिमानापायी औषध नाकारू नये. नुसती ऑस्टिओपेनियाची चिठ्ठी असेल तर घाई नको. नाचणी, तीळ, दूध, ऊन, चालणं, ओली मोरी, जुना चष्मा, झोपेच्या गोळ्या यांकडे आधी पाहावं. मात्र हाड मोडलेलीला एकट्या नाचणीवर ठेवणं हाही अन्यायच.

गोळी आठवड्यातून एकदा. रिकाम्या पोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहाही नाही. (पहाटे उठून घरादाराचा चहा करणाऱ्या बाईने स्वतःचा चहा अर्धा तास लांबवायचा, हे लिहिणाऱ्याला सोपं!) अन्ननलिकेला जळजळ होते. जबड्याचं हाड मरणं, मांडीचं हाड विचित्र तऱ्हेने मोडणं हे दुर्मीळ, पण मांडीचा धोका वर्षांबरोबर वाढतो. म्हणून दातांची कामं आधी उरकावीत, आणि पाचेक वर्षांनी ‘आता थांबवता येईल का?’ हे डॉक्टरांना आपणच विचारावं. सहा महिन्यांनी घ्यायच्या डेनोसुमॅबचं उलट आहे. ते मध्येच सोडलं तर मणके एकामागून एक मोडू शकतात. पुढचं औषध ठरल्याखेरीज ते बंद करायचं नसतं. ते परवडत राहील का, हा हिशेब पहिल्या इंजेक्शनाआधी घरात झाला पाहिजे. बाईच्या औषधावरचा खर्च घरात सर्वांत आधी कापला जातो, हे आपल्याला ठाऊक आहे.

एक प्रश्न मात्र ‘उतारवया’च्या शीर्षकाखाली बसत नाही. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांची शासनाच्या समितीने पाहणी केली, तेव्हा ८२,३०९ पैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. कित्येकजणी ऐन तिशी-पस्तिशीतल्या. ज्यांची अंडाशयंही काढली गेली, त्यांची हाडं पन्नाशीची वाट न पाहता विरळ होऊ लागतात. २००२ च्या अभ्यासातल्या स्त्रियांचं सरासरी वय ६३ होतं. त्याची भीती या बायकांना जशीच्या तशी लावता येत नाही. लहान वयात अंडाशय गेलेल्यांना, दुसरी अडचण नसेल तर, पाळी जाण्याच्या सर्वसाधारण वयापर्यंत हार्मोन देण्याचा सल्ला दिला जातो. मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढणाऱ्या बाईला हा सल्ला कोण देणार? तिला बहुधा काय काढलं एवढंही सांगितलेलं नसतं. या भागात काम करणाऱ्या गटांनी शस्त्रक्रियेचे कागद मागून घ्यावेत, आणि अंडाशय ठेवलं की काढलं याची प्रत्येकीच्या नावापुढे नोंद करावी.