मुक्तिबोधांच्या उशाशी

घरात कोणी गंभीर आजारी पडले की पहिल्या आठवड्यात माणसांची रीघ लागते. कोणी फळे आणतो, कोणी ओळखीच्या डॉक्टरांचे नाव सुचवतो, कोणी ‘काही लागले तर सांगा, संकोच करू नका’ असे म्हणून निघून जातो. दुसऱ्या महिन्यात मात्र दवाखान्याच्या बाकावर घरचीच दोन माणसे उरतात. औषधांच्या चिठ्ठ्या, उसनवारीचे हिशेब, मुलांच्या शाळेची फी आणि रात्रीची जागरणे त्यांच्याच वाट्याला येतात. दुखणे लांबले की मदत आटते, हा अनेक कुटुंबांचा अनुभव आहे.

१९६४ साली हिंदी साहित्याच्या जगात असेच एक दुखणे आले आणि जवळजवळ सात महिने चालले. आजारी माणूस कवी होता, मराठी घरातला होता आणि पैशाच्या बाबतीत त्याची बाजू कायमच लंगडी होती. त्याच्यासाठी धावले ते बहुतेक लेखकच. त्यांच्यातले कोणी श्रीमंत नव्हते, कोणाच्या हाती सत्ता नव्हती. तरीही या मंडळींनी जे केले त्याची आठवण हिंदी लेखक आजही काढतात. त्या आठवणीत जिव्हाळा आहे, तशी एक बोचही आहे.

हा कवी म्हणजे गजानन माधव मुक्तिबोध.

घर मराठी, लेखणी हिंदी

मुक्तिबोधांचे घराणे मूळचे खानदेशातले. पूर्वज ग्वाल्हेर संस्थानात गेले आणि तिकडचेच झाले. वडील माधवराव संस्थानच्या पोलीस खात्यात होते. १३ नोव्हेंबर १९१७ रोजी श्योपूर येथे गजाननरावांचा जन्म झाला. उज्जैन आणि इंदूर येथे शिक्षण झाले. घरात मराठी बोलली जाई, पण कविता त्यांनी हिंदीत लिहिली. धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध यांनी मात्र मराठीची वाट धरली. ‘नवी मळवाट’ हा कवितासंग्रह आणि ‘क्षिप्रा’ ही कादंबरी लिहिणारे शरच्चंद्र मराठी वाचकांना परिचित आहेत. १९७९ साली त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. एकाच घरातले दोन भाऊ, दोन भाषांत मोठे झाले.

१९३९ साली गजाननरावांनी घरच्यांचा विरोध पत्करून शांताबाईंशी लग्न केले. संसार सुरू झाला आणि नोकऱ्यांची भटकंतीही सुरू झाली. शुजालपूरची शाळा, बनारसचे मासिक, जबलपूरची शाळा, नागपूरला सरकारी माहिती खाते, मग आकाशवाणी, मग ‘नया खून’ हे साप्ताहिक. मुले वाढत होती, पगार तुटपुंजा होता. १९४३ साली अज्ञेय यांनी संपादित केलेल्या ‘तार सप्तक’ या गाजलेल्या संग्रहात सात कवींमध्ये पहिले स्थान मुक्तिबोधांना मिळाले होते. पण त्या मानाने चूल पेटत नव्हती.

१९५८ साली राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात प्राध्यापकाची नोकरी मिळाली, तेव्हा कुठे घराला थोडी स्थिरता आली. तळ्याकाठच्या जुन्या राजवाड्याच्या आवारात राहायला जागा होती. तिथला चक्राकार जिना त्यांच्या कवितेतही उतरला. त्यांच्या सर्वांत समर्थ लेखनाचा काळ हाच.

याच काळात त्यांनी शाळेतल्या मुलांसाठी ‘भारत : इतिहास और संस्कृति’ हे पुस्तक लिहिले. पाठ्यपुस्तकातून चार पैसे हाती येतील, अशी अपेक्षा होती. परंतु पुस्तकाविरुद्ध ओरड झाली आणि सप्टेंबर १९६२ मध्ये मध्य प्रदेश सरकारने त्यावर बंदी घातली. हा घाव त्यांच्या मनाला फार लागला.

राजनांदगाव ते भोपाळ

फेब्रुवारी १९६४ मध्ये मुक्तिबोधांना पक्षाघाताचा झटका आला. वय अवघे ४६ वर्षांचे. पुढे निदान झाले ते मेंदूच्या आवरणाच्या क्षयाचे, म्हणजे क्षयजन्य मेनिंजायटिसचे. फुप्फुसाच्या क्षयापेक्षा हा प्रकार कितीतरी घातक. क्षयावरची औषधे तोपर्यंत निघाली होती, पण या रोगात वेळेला फार महत्त्व असते. डोकेदुखी, ताप, अशक्तपणा ही लक्षणे सुरुवातीला साधी वाटतात आणि खरा आजार समजेपर्यंत मेंदूला इजा पोहोचलेली असते.

राजनांदगाव हे लहान गाव. अशा रोगावर तिथे उपचार होणे शक्य नव्हते. मित्रांना बातमी कळली आणि हालचाल सुरू झाली. जबलपूरचे विनोदी लेखक हरिशंकर परसाई यात पुढे होते. परसाईंनी ‘वसुधा’ नावाचे मासिक चालवले होते आणि मुक्तिबोधांची ‘एक साहित्यिक की डायरी’ त्यात क्रमशः छापली होती. मासिक बंद पडले, मैत्री मात्र टिकली. ज्यांच्या लेखणीची धार राजकारण्यांना बोचत असे, तेच परसाई आता मित्रासाठी सरकारी दारे ठोठावण्याच्या कामाला लागले.

मार्चमध्ये मुक्तिबोधांना भोपाळच्या हमीदिया रुग्णालयात हलवण्यात आले. ज्या राज्याच्या सरकारने दीड वर्षापूर्वी पुस्तकावर बंदी घातली होती, त्याच सरकारने आता उपचाराची सोय केली. लेखकांनी बंदीचा राग मनात धरून बसण्यापेक्षा मित्राचा जीव महत्त्वाचा मानला. आजारपणात मान-अपमान बाजूला ठेवावे लागतात, हे घर चालवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ते या मंडळींनीही ओळखले.

भोपाळला मित्र येत-जात राहिले. हिंदी लेखक तर आलेच, उर्दू शायर मोहम्मद अली ताजही खाटेजवळ येऊन उभे राहिले. मुक्तिबोधांची तडफड पाहून या शायराच्या तोंडून जे शब्द निघाले, ते परसाईंनी आपल्या आठवणींत नोंदवले आहेत.

या साऱ्यात शांताबाईंची स्थिती काय असेल, याची कल्पना कोणत्याही गृहिणीला करता येईल. परके शहर, अंथरुणाला खिळलेला नवरा, पदरी मुले, आणि नोकरीचे पुढे काय होणार याची काळजी. अशा वेळी दारात येणारा प्रत्येक ओळखीचा चेहरा आधार वाटतो. तो चेहरा पुन्हा दुसऱ्या दिवशीही दिसला, तर अधिक.

पंतप्रधानांच्या दारी

भोपाळला दोन-अडीच महिने झाले, तरी प्रकृतीला उतार पडेना. रोग्याला दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत नेले पाहिजे, असे सर्वांना वाटू लागले. पण ते दिवस देशाच्याही कसोटीचे होते. २७ मे १९६४ रोजी पंडित नेहरूंचे निधन झाले. ९ जूनला लालबहादूर शास्त्री यांनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली. नव्या पंतप्रधानांपुढे कामांचा डोंगर होता. अशा वेळी एका कवीच्या आजारपणाची गोष्ट घेऊन जायची कशी?

दिल्लीतले लेखक गेले. त्यांत श्रीकांत वर्मा होते. ते मूळचे बिलासपूरचे, म्हणजे राजनांदगावच्याच मुलखातले. त्यांत अशोक वाजपेयी होते, तेव्हा जेमतेम तेवीस वर्षांचे. मुक्तिबोधांचा स्वतंत्र काव्यसंग्रह अजून निघालेला नसताना ज्या तरुणांनी त्यांची कविता मासिकांतून शोधून वाचली होती, त्यांच्यापैकी हे दोघे. शास्त्रीजींनी लेखकांचे म्हणणे मान्य केले आणि जून १९६४ मध्ये मुक्तिबोधांना दिल्लीला आणण्यात आले.

दिल्लीत जुने मित्र होते. ‘तार सप्तक’मधले सोबती नेमिचंद्र जैन होते, कवी शमशेर बहादूर सिंह होते. पण रोगी आता बराच काळ बेशुद्धीतच असे. देशातल्या उत्तम रुग्णालयात उपचार चालू होते, मित्र उशाशी होते, आणि ज्याच्यासाठी हे सारे चालले होते त्याला त्याचा पत्ताही नव्हता. ११ सप्टेंबर १९६४ रोजी मुक्तिबोधांनी शेवटचा श्वास घेतला.

चित्रकार मकबूल फिदा हुसेन त्यांच्या अंत्ययात्रेत होते. त्या दिवशी हुसेन यांनी पायांतल्या वहाणा काढल्या आणि पुढे आयुष्यभर ते अनवाणीच वावरले, असे त्यांनी स्वतः सांगितले होते.

कागदांची राखण

धावपळ करूनही मुक्तिबोधांचा जीव वाचला नाही. पण मित्रांचे काम तिथे संपले नाही.

वीस-पंचवीस वर्षे कविता लिहिणाऱ्या या माणसाचा स्वतंत्र काव्यसंग्रह तोपर्यंत निघाला नव्हता. त्यांच्या कविता लांबच लांब, पुन्हा पुन्हा बदललेल्या आणि वहीत वा सुट्या कागदांवर पडलेल्या. आजाऱ्याच्या घरात असे कागद हरवायला वेळ लागत नाही. एकदा बिऱ्हाड हलले की रद्दीबरोबर काय जाते, हे कोणाच्या लक्षातही येत नाही. श्रीकांत वर्मा यांनी या कविता एकत्र करण्याचे काम हाती घेतले. शमशेर बहादूर सिंह यांनी प्रस्तावना लिहिली. भारतीय ज्ञानपीठाने १९६४ सालीच ‘चांद का मुंह टेढ़ा है’ हा संग्रह काढला. त्याच वर्षी ‘एक साहित्यिक की डायरी’ही पुस्तकरूपाने आली. नोव्हेंबर १९६४ मध्ये हैदराबादच्या ‘कल्पना’ मासिकाने त्यांची प्रसिद्ध दीर्घ कविता ‘अंधेरे में’ छापली. आज ही कविता हिंदीतल्या सर्वश्रेष्ठ कवितांमध्ये गणली जाते. कवीने तिला छापील रूपात पाहिले नाही.

पुढे १९८० साली नेमिचंद्र जैन यांच्या संपादनाखाली ‘मुक्तिबोध रचनावली’ सहा खंडांत प्रकाशित झाली. त्याच वर्षी मणी कौल यांनी मुक्तिबोधांच्या लेखनावर ‘सतह से उठता आदमी’ हा चित्रपट केला. राजनांदगाव आता छत्तीसगड राज्यात आहे. तिथल्या दिग्विजय महाविद्यालयाच्या परिसरात मुक्तिबोध, पदुमलाल पुन्नालाल बख्शी आणि बलदेवप्रसाद मिश्र या तीन साहित्यिकांचे स्मारक उभे आहे. मित्रांनी कागद सांभाळले नसते, तर स्मारकात ठेवायला काय उरले असते?

उशीर होतो तो असा

उशिराची ही बोच एकट्या हिंदीची नाही. बंगालीतले थोर कवी काझी नझरुल इस्लाम १९४२ साली आजारी पडले. हळूहळू त्यांची वाचा आणि स्मृती गेली. त्यांच्या उपचारासाठी चाहत्यांनी समिती स्थापन केली ती १९५२ साली. त्यांना रांचीला नेले, मग १९५३ मध्ये लंडनला आणि व्हिएन्नालाही नेले. व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी सांगितले, की आजार असाध्य आहे. हेतू चांगला होता, पैसा जमला होता, परदेशचे तज्ज्ञ मिळाले होते. मधली दहा वर्षे मात्र परत मिळाली नाहीत. त्या काळात त्या रोगावर इलाज नव्हता हे खरे. पण दहा वर्षे घरच्यांनी ते ओझे कसे पेलले असेल?

मुक्तिबोधांच्या बाबतीतही जुने मित्र हळहळत ते यासाठीच. आजारी पडल्यावर सारे धावले, पण त्याआधीची वीस वर्षे हा माणूस ओढगस्तीत होता. पुस्तक त्याआधी निघाले असते, चार पैसे हाती आले असते, एखाद्या चांगल्या डॉक्टरकडे वेळेवर तपासणी झाली असती, तर? याचे उत्तर कोणाजवळच नाही.

आपण काय करू शकतो?

प्रत्येक गावात, प्रत्येक वसाहतीत एखादा लेखक, कीर्तनकार, शाहीर, गाणे शिकवणारी एखादी बाई असते. त्यांना पेन्शन नसते, विमा नसतो. ही माणसे स्वाभिमानी असतात, मदत मागायला येत नाहीत. त्यांच्यासाठी पंतप्रधानांच्या दारी जाण्याची गरज नसते. १९६४ च्या त्या मंडळींनी केलेल्या गोष्टी छोट्या प्रमाणावर कोणालाही करता येतील.

एक, ‘काही लागले तर सांगा’ असे म्हणण्यापेक्षा एखादे काम उचलावे. डॉक्टरांशी बोलणे, सरकारी अर्ज भरणे, रात्री दवाखान्यात थांबणे, मुलांना आठवडाभर जेवायला बोलावणे, यांपैकी जे झेपेल ते ठरवून घ्यावे.

दोन, महाराष्ट्रात वृद्ध साहित्यिक व कलावंतांना मासिक मानधन देण्याची सरकारी योजना आहे. अनेकांना तिची माहिती नसते, आणि असली तरी कागदपत्रे जमवताना ते थकून जातात. कागद जमवून देणारा शेजारी हाही मोठा आधार असतो.

तीन, आजाऱ्याच्या वह्या, पत्रे, ध्वनिफिती जपून ठेवाव्यात. घरचे लोक औषधपाण्यात गुंतलेले असतात, त्यांच्याकडून ही अपेक्षा करू नये. मित्रांनीच हे काम अंगावर घ्यावे.

चार, दुसऱ्या महिन्यात पुन्हा जावे. फळे नेली नाहीत तरी चालेल.

आणि ज्याचे लेखन आवडले, गाणे आवडले, त्याला तो धडधाकट असताना दोन ओळींचे पत्र लिहावे, त्याचे पुस्तक विकत घ्यावे. मुक्तिबोधांवर हिंदीत पुष्कळ लिहिले गेले, आजही लिहिले जाते. त्यातले फारच थोडे त्यांना स्वतःला वाचायला मिळाले.