गॅदरिंगला डीजेच का?

माझं मराठी कॉन्व्हेंटचं, सांभाळून घ्या. पण गॅदरिंगला डीजे येतो, तयार गाणी लावतो, खिडक्या हादरतात, संपलं! यात इंजिनिअरिंग कुठंय?

चरणजित सिंग हे मुंबईत हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणारे. १९८२ साली त्यांनी रोलँड कंपनीची टीबी-३०३, टीआर-८०८, ज्युपिटर-८ ही यंत्रं जोडून दहा रागांची डिस्को रेकॉर्ड केली. फारसं कुणी विचारलं नाही. १९८७ मध्ये शिकागोच्या पोरांनी त्याच ३०३ मधून तसलाच आवाज काढला, त्याला 'अ‍ॅसिड हाऊस' म्हणतात, अन् जग नाचलं. २०१० मध्ये सिंगसाहेबांची रेकॉर्ड पुन्हा निघाली, मग सत्तरी ओलांडलेले ते युरोपात लाइव्ह वाजवून आले!

आपल्याकडे ५५५ टायमर तर आहे. रेझिस्टरच्या जागी एलडीआर लावा, हाताची सावली पडली की सूर खाली उतरतो. असे चार सर्किटवाले स्टेजवर अर्धा तास समोरासमोर वाजवू देत. कर्कश होईल, मधेच बंदही पडेल. मोहरमला कडेगावचे उंच ताबूत खांद्यावर उचलतात तेव्हा सगळे श्वास रोखून का बघतात? चुकू शकतं म्हणूनच ना!

सर, तेवढी लॅबची चावी रात्री आठपर्यंत मिळेल का?