दहाचं नाणं आणि माझं प्रश्नचिन्ह

मंडळी, परवाच्या सोमवारी भर बाजाराच्या दिवशी माझं हेल्मेट गहाण पडलं. किती रुपयांसाठी? पन्नास.

झालं असं, की आदल्या रात्री पुण्याहून आलो. तिथं चहा, वडापाव, बसचं तिकीट यातून सुट्टे म्हणून दहा-दहाची सात नाणी खिशात जमली होती. सकाळी स्टँडजवळ गाडी पंक्चर. मोबाईल मेलेला, पाकिटात पाचशेची एकच नोट, तीही पोरीच्या फीसाठी वेगळी काढलेली. म्हटलं, नाणी आहेत की. पंक्चर निघालं, मी पाच नाणी पुढं केली. पोरानं हातही लावला नाही.

"काका, हे नाही चालत इथं."

"अरे, सरकारचं नाणं आहे."

"सरकारचं असंल. पण आमचा ट्यूबवाला घेत नाही ना."

दुकानाचा मालक बाजारात गेलेला. पोरगं नवीन, मला ओळखत नव्हतं. वीस वर्षं या गावात पत्रकारिता करून ही आपली कमाई. पाचशेची नोट काढली, तर त्याच्याकडं सुट्टे नाहीत. शेवटी तोच म्हणाला, "काहीतरी ठेवून जा." मी हेल्मेट ठेवलं आणि नाणी मोडायला बाजारात निघालो.

चहाच्या टपरीवर नकार. किराणा दुकानात नकार. पानवाल्यानं तर नकार देता देता माझ्यासमोरच एका गिऱ्हाइकाकडून दहाची नोट घेतली. ती मधोमध फाटलेली, चिकटपट्टी लावलेली, एका कोपऱ्यात गांधीजींचा चष्मा तेवढा दिसतोय. ती नोट चालली. माझं कोरं करकरीत नाणं चाललं नाही. देवळासमोरून जाताना मनात आलं, दानपेटीत टाकलं तर देव नाही म्हणणार नाही. गावात दहाचं नाणं घेणारा तो एकटाच उरलाय.

इथपर्यंत हसण्यावारी नेण्यासारखं होतं. पुढचं नाही.

भाजीच्या रांगेत शेवटी एक आजी बसतात. शेजारच्या खेड्यातून एसटीनं येतात, मेथी-शेपू-कोथिंबीर विकतात. दोन जुड्या घेतल्या, दोन नाणी दिली. आजींनी हात मागं घेतला. "नको रे बाबा, ते नको. आधीच लई साठल्यात." आणि कमरेची पिशवी काढून तिच्यातली फडक्याची गाठ सोडून दाखवली. मोजली. चौतीस नाणी. तीनशे चाळीस रुपये.

मी विचारलं, चालत नाहीत तर घेता कशाला?

आजी म्हणाल्या, "सांजच्याला उठायच्या टायमाला भाजी उरलेली असती. तवा कुणी हेच पुढं करतं. न्हाई म्हणावं तर मेथी सुकून जाती."

म्हणजे बघा. ज्या नाण्याला दुकानदार नाही म्हणू शकतो, त्याला आजी नाही म्हणू शकत नाहीत. दुकानदाराची साखर उद्याही साखरच असते, आजींची मेथी उद्या गुरांपुढं जाते. म्हणून गावभर नाकारलेली नाणी फिरत फिरत येऊन बसतात ती सगळ्यात गरीब माणसाच्या फडक्यात.

"मग स्कॅनर लावा की," असं कुणी म्हणेल. लावलाय. आजींच्या टोपलीला स्कॅनर बांधलाय. पण खातं मुलाचं, फोन मुलाचा. पैसे पडल्याचा आवाज त्याच्या खिशात वाजतो. आजींच्या हातात येतं ते फक्त रोख, आणि त्या रोखीतला हा वाटा गावानं रद्द करून टाकलाय.

बाजारासमोरच एक बँक आहे. नाव घेत नाही, कारण दुसऱ्या बँकेत वेगळं काही घडलं असतं याची मला खात्री नाही. आजींचं खातं तिथंच. टोपली शेजारणीवर सोपवून आम्ही गेलो. काउंटरवरून उत्तर आलं, "आज बाजारची गर्दी आहे, नाणी घेत नाही. ठेवायला जागा नाही." मग मी पत्रकार असल्याचं सांगितलं, आत साहेबांकडं गेलो, थोडा आवाज चढवला. "बरं, यावेळेपुरतं घेतो." पैसे खात्यात जमा. आजींना हातात नोटा हव्या होत्या, तर पैसे काढायची स्लिप भरून पुन्हा रांगेत. सव्वा तास गेला. परत आलो तेव्हा उन्हानं मेथीनं माना टाकल्या होत्या.

यावेळेपुरतं! मी सोबत नसतो तर? दर सोमवारी आजींनी पत्रकार कुठून आणायचा?

आता कायद्याचं बोलू, कारण कमेंटमध्ये "पण ते खरंच बंद झालंय का?" असं विचारणारे दहाजण असणारच.

नाही. कधीच बंद झालेलं नाही. नोटाबंदीनंतर बाराच दिवसांनी, २० नोव्हेंबर २०१६ ला रिझर्व्ह बँकेनं पत्रक काढून सांगितलं की दहाचं नाणं वैध आहे. आवई थांबली नाही, म्हणून १७ जानेवारी २०१८ ला पुन्हा पत्रक काढलं. त्यात स्पष्ट म्हटलं की तोवर आलेल्या दहाच्या नाण्यांचे चौदाही प्रकार खरे आहेत. दहा रेघांचं खरं, पंधरा रेघांचंही खरं. रुपयाचं चिन्ह असलेलं खरं आणि नसलेलंही खरं, कारण ते चिन्ह नाण्यावर आलंच मुळी २०११ पासून. त्याआधीची नाणी चिन्हाशिवायच असणार. २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे एक रुपया आणि त्यावरच्या नाण्यांत एका वेळी हजार रुपयांपर्यंतचं देणं फेडता येतं. मी तर पन्नासच देत होतो.

आणि बँकांसाठी? काउंटरवर आलेली नाणी कुठल्याही शाखेनं नाकारू नयेत, अशा रिझर्व्ह बँकेच्या स्पष्ट सूचना आहेत. त्यांत बाजारचा दिवस वगळलेला नाही.

(नाणं नाकारलं की राजद्रोहाचा गुन्हा लागतो, असाही एक मेसेज फिरतो. कृपया तो मला पाठवू नका. एका आवईला दुसऱ्या आवईनं उत्तर नको.)

मग हे नाणं आपल्याकडं बंद कुणी केलं? पंक्चरवाला ट्यूबवाल्याकडं बोट दाखवतो. ट्यूबवाला होलसेलरकडं. होलसेलर म्हणतो, बँक घेत नाही. बँक म्हणते, आम्ही दिलं तर गिऱ्हाईक घेत नाही. सगळेच खरं बोलतायत आणि सगळे मिळून एक खोटं चालवतायत. पुण्या-मुंबईत हेच नाणं रोज लाखो हातांतून फिरतं. आपल्याकडं आल्यावर त्याचं सोंगटीत रूपांतर होतं. तिथं वेगळा देश आहे का?

पण या गोल फिरणाऱ्या बोटांत एक बोट माझ्याकडंही वळतं. ते आज सांगूनच टाकतो.

नोटाबंदीनंतरच्या त्या गोंधळाच्या दिवसांत मी एका दैनिकाचा तालुका प्रतिनिधी होतो. टपरीवर दोन व्यापारी बोलत होते, व्हॉट्सॲपवर एक मेसेज आला होता. तेवढ्यावर मी बातमी दिली, "दहाचे नाणे बंद होणार?" शेवटी प्रश्नचिन्ह टाकलं. पदविकेच्या वर्गात शिकवलं होतं, खात्री नसेल तर बातमी थांबवा. धंद्यात आल्यावर शिकलो, खात्री नसेल तर प्रश्नचिन्ह टाका. बातमी तीन कॉलम लागली. लोकांनी कात्रणाचे फोटो काढून फिरवले. रिझर्व्ह बँकेचा खुलासा आला तोही मी दिला. आतल्या पानावर, चार ओळी.

गावानं तीन कॉलम वाचले, चार ओळी वाचल्या नाहीत. दोष गावाचा नाही. प्रश्नचिन्ह मला वाचवायला होतं, वाचणाऱ्याला त्याचा काहीच उपयोग नव्हता. आवई माझ्या एकट्याच्या बातमीनं पसरली असं म्हणण्याएवढा मी मोठा नाही. पण आजींच्या फडक्यातल्या चौतीस नाण्यांत दोन-चार माझीही आहेत, हे मला त्या बँकेच्या बाकड्यावर बसल्या बसल्या कळलं. माझ्याबरोबरच्या पत्रकार मित्रांनीही आपापली कात्रणं एकदा काढून बघावीत.

"दहा रुपयांसाठी एवढं मोठं लिहायचं? गावात रस्ते नाहीत, पाणी नाही." असं म्हणणाऱ्यांना विचारतो, तुमचे तीनशे चाळीस रुपये उद्या सकाळी कुणी "चालत नाहीत" म्हणाला तर गप्प बसाल? आजींची ती दोन बाजारांची कमाई आहे. आणि प्रश्न नुसता पैशांचाही नाही. ज्या गावात साधी, दोनदा खोडून काढलेली आवई आठ-नऊ वर्षं टिकते, त्या गावात उद्या एखाद्या माणसाबद्दल, एखाद्या वस्तीबद्दल आवई उठली तर ती कोण थांबवणार? तेव्हाही आपण हेच म्हणणार का, की पुढचा घेत नाही म्हणून मी घेत नाही?

हा फेरा कुठंतरी तोडावा लागेल, आणि तो आजींनी तोडायचा नाही. ज्याला धक्का सोसतो त्यानं सुरुवात करायची. म्हणून मागण्या सरळ आहेत. गावातल्या प्रत्येक बँकेनं दारावर पाटी लावावी, "दहाची नाणी स्वीकारली जातात", आणि बाजारच्या दिवशी खरोखर स्वीकारावीत. नगरपालिकेची करवसुली, वीजबिल केंद्र, एसटीचं बुकिंग, पेट्रोल पंप यांनी नाणी घ्यावीत आणि सुट्टे म्हणून परतही द्यावीत. व्यापारी संघटनेनं एक बैठक घेऊन ठरवावं, एका सोमवारपासून सगळे मिळून घेऊ. सगळ्यांनी एकदम घेतलं तर कुणाचंच अडत नाही.

आणि बँकेनं नाकारलं तर तोंडी भांडू नका. लेखी तक्रार द्या, पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं तक्रार करता येते, पैसे लागत नाहीत. अर्ज लिहायला अडचण असेल तर माझ्याकडं या, मी लिहून देतो. माझ्याकडून तेवढी फेड होऊ द्या.

हेल्मेटचं म्हणाल, तर ते संध्याकाळी सोडवून आणलं. तोवर मालक आला होता, त्यानं ओळखलं, चहा पाजला, पोराला दोन शब्द सुनावले. पन्नासची नोट दिली, ती त्यानं घेतली. मग मी एक नाणं पुढं करून म्हटलं, "हे चहाचं." तो हसला, पण घेतलं. गल्ल्यात टाकलं नाही, शर्टच्या खिशात ठेवलं.

सात नाण्यांतलं एक चाललं. सहा अजून माझ्याकडं आहेत. येत्या सोमवारी तीच घेऊन बाजारात फिरणार आहे. कोणकोण घेतं ते इथंच लिहीन, आणि यावेळी प्रश्नचिन्ह टाकणार नाही.