ओटीपी कोणाच्या खिशात?

१८ सप्टेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र शासनाने 'माझी लाडकी बहीण' योजनेतल्या सगळ्या स्त्रियांना ई-केवायसी करण्याचे फर्मान काढले. बाईने आपला आधार क्रमांक भरायचा, आपल्या मोबाइलवर आलेला ओटीपी टाकायचा. इथपर्यंत ठीक. मग पुढची चौकट उघडते: पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक. तो भरला की दुसरा ओटीपी त्या पुरुषाच्या मोबाइलवर जातो. तो हाती आल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही.

ही चौकट आखणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एक घर होते. त्या घरात नवरा संध्याकाळी कामावरून येतो, बायको चहाचा कप पुढे करते आणि म्हणते, "अहो, जरा मोबाइल द्या." आमच्या दाभोळच्या पंचक्रोशीत असे घर शोधायला निघालात तर बरीच पायपीट होईल. इथला नवरा बोटीवर असतो, बोट दिवसचे दिवस समुद्रात, रेंज नाही, आणि ओटीपीचे आयुष्य दहा मिनिटांचे. किंवा तो आखातात असतो आणि आधारला जोडलेले सिम केव्हाच बंद पडलेले असते. किंवा तो मुंबईला दुसरे घर करून राहिलेला असतो. या शेवटच्या घरातल्या बाया माझ्याकडे येतात.

त्यातल्या एकीचीच स्थिती डोळ्यांसमोर आणा. मार खाऊन दोन मुलांसह माहेरी आलेली. कोर्टात गेलेली नाही, पोटगी मागितलेली नाही. नंबर मुद्दाम बदललेला, नवऱ्याला कळू न दिलेला. सरकार तिला सांगते, त्याला फोन कर आणि सहा आकडे माग. तो ते फुकट देणार आहे काय? बदल्यात त्याला तिचा नवा नंबर मिळतो, ती कुठे आहे ते कळते, दरमहा दीड हजार तिच्या हाती पडतात हेही कळते. आणि द्यायचे की नाही, हे ठरवण्याची सत्ता मिळते. जो घर सोडताना तिने मागे टाकला, त्याला सरकारनेच परत दारात आणून उभे केले.

यावर ठरलेले उत्तर येते: गैरप्रकार रोखायला नकोत का? जरूर रोखा. जुलै २०२५मध्ये सरकारनेच सांगितले की सुमारे १४ हजार पुरुषांनी या योजनेचे पैसे उचलले. पण अर्जदार स्त्री आहे की पुरुष हे तिच्या स्वतःच्या आधारवरून कळते, नवऱ्याच्या ओटीपीची त्याला गरज नाही. कुटुंबाचे उत्पन्न पाहायचे म्हणाल, तर २०२४मध्ये योजना सुरू झाली तेव्हा पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड उत्पन्नाच्या दाखल्याऐवजी चालले, आणि रेशनकार्डावर अख्खे कुटुंब असते. तपासणीचे मार्ग होते. सोपा वाटला तो निवडला गेला, आणि सोपा कोणाला, हे विचारले गेले नाही.

ओरड झाल्यावर मुदत ३१ डिसेंबर २०२५पर्यंत वाढली आणि विधवा, घटस्फोटितांना वाट दिली गेली: मृत्यूचा दाखला द्या, घटस्फोटाचा किंवा कोर्टाचा कागद द्या. टाकलेल्या बाईकडे यातला कोणता कागद असतो? ती ना विधवा, ना घटस्फोटित. गंमत पाहा, योजनेच्या मूळ शासन निर्णयात 'परित्यक्त्या' हा शब्द आहे. तो शब्द सरकारी कागदावर आपोआप आलेला नाही. १९८८ साली संगमनेरला टाकलेल्या स्त्रिया परिषद भरवून जाहीरपणे बोलल्या, पुढे वर्षानुवर्षे मोर्चे निघाले, तेव्हा कुठे आला. कागदावर जिंकलेली जागा संगणकाच्या पडद्यावर हरवते, आणि ती हरवली हे कळायला कोणाची सहीही सापडत नाही. तलाठ्याशी भांडता येते. चौकटीशी कसे भांडणार?

सॉफ्टवेअर तयार करणारी मंडळी सुरक्षेविषयी पुष्कळ बोलतात. त्यांचा चोर नेहमी बाहेरचा असतो, कुठल्या तरी दूरच्या शहरात बसून पासवर्ड फोडणारा. आपल्या बायांचा पासवर्ड फोडावा लागत नाही. फोन घरात एकच असतो. तो नवऱ्याच्या खिशात नाहीतर मुलाच्या हातात, पैसे जमा झाल्याचा बँकेचा संदेशही तिथेच वाजतो. तिच्या आधी त्याला कळते. बँक तर रोज बजावते की ओटीपी कोणालाही सांगू नका. मग सरकारची योजना येते आणि लाखो बायांना सवय लावते की ओटीपी मागायचा असतो, द्यायचा असतो, केंद्रावर बसलेल्या अनोळखी पोराला वाचून दाखवायचा असतो. उद्या एखाद्या भामट्याने फोन करून तेच मागितले आणि तिने ते दिले, तर तिला अडाणी म्हणायचा हक्क कोणाला आहे?

आपल्यातल्या काहीजणी म्हणतील, खासगीपणाची बाजू आपण कशी घ्यायची? 'घरातली गोष्ट घरात' म्हणत बाईचा मार झाकला गेला, त्याविरुद्ध तर आपण उभ्या राहिलो. आक्षेप खरा आहे. पण तो खासगीपणा घराचा होता, म्हणजे घरधन्याचा. बाईचा स्वतःचा खासगीपणा ही वेगळी चीज आहे आणि तीही आपणच लढून मिळवली आहे. मथुरा प्रकरणानंतरच्या आंदोलनातून १९८३ साली कायदा बदलला आणि बलात्कार झालेल्या स्त्रीचे नाव छापणे गुन्हा ठरले. १९९० साली महाराष्ट्र शासन विरुद्ध मधुकर मर्डीकर या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणाले की बाईचे 'चारित्र्य' काहीही असो, तिलाही खासगी जीवनाचा हक्क आहे, वाटेल त्याने वाटेल तेव्हा तिच्या घरात शिरायचे नाही. तिथे घरात शिरलेला माणूस पोलीस अधिकारी होता. आमच्या समोरच्या किनाऱ्यावरच्या वेलदूरच्या बायांना हे समजावून सांगावे लागत नाही. एन्रॉनच्या प्रकल्पाला विरोध करतात म्हणून ३ जून १९९७च्या पहाटे पोलीस त्यांच्या घरांत घुसले होते, बायांना मारहाण करून गाड्यांत कोंबले होते. दार कोणासाठी उघडायचे हे आपण ठरवणार, एवढाच खासगीपणाचा अर्थ. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने हा मूलभूत हक्क मानला, त्या निकालातही खासगीपणाच्या आड घरातला अत्याचार लपवता येणार नाही हा विचार आहे. २०२३मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. मात्र अनुदान आणि लाभ देण्याच्या नावाखाली माहिती वापरायला त्यात सरकारला बरीच मोकळीक आहे. म्हणजे जिला लाभाची सर्वात जास्त गरज, तिच्या माहितीला कुंपण सर्वात कमी.

राहिला विश्वासाचा प्रश्न. गावातल्या बाईचा विश्वास अ‍ॅपवर नसतो, अंगणवाडीच्या ताईंवर असतो. २०२४मध्ये अर्ज भरले गेले ते त्याच विश्वासावर. ताईंच्या फोनमध्ये गावभरच्या आधारकार्डांचे, पासबुकांचे फोटो साठले. ते पुढे कसे पुसायचे, फोन हरवला तर काय, तो घरात मुलगा हाताळतो त्याचे काय, याच्या सूचना कुठे आहेत? पैसे अडकले की शिव्या ताईंना. याच ताईंनी २०२१मध्ये सरकारने दिलेले निकृष्ट मोबाइल परत केले होते, पोषण ट्रॅकर मराठीत द्या म्हणून भांडल्या होत्या. त्यांचे म्हणणे 'कामचुकारपणा' म्हणून उडवले गेले. वास्तविक, अ‍ॅप कुठे अडते आणि कोणाला अडवते याची त्यांच्याइतकी जाण दुसऱ्या कोणाला नाही.

आणि केवळ सरकारलाच का बोला? समुपदेशन केंद्रात कुलूपबंद कपाटात असायच्या त्या केसच्या नोंदी आता व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात फिरताना दिसतात. देणगीदार लाभार्थींचे जिओटॅग केलेले फोटो मागतात आणि संस्था पाठवतात. जिओटॅग म्हणजे फोटोबरोबर जागेचा पत्ता. पळून आलेल्या बाईच्या फोटोवर पत्ता! याला अहवाल म्हणायचे?

माझी सूचना अशी की जिल्ह्यात यापुढे बायांसाठी कोणतेही अ‍ॅप आले की ते सुरू होण्याआधी आपण गटात बसून वापरून पाहायचा आग्रह धरावा, आणि वापरून पाहणाऱ्यांत एक टाकलेली, एक एकाच फोनच्या घरातली आणि एक अंगणवाडी सेविका हवीच. विचारायचे: नवऱ्याच्या होकाराशिवाय हे शेवटपर्यंत जाते का? परित्यक्तेचे स्वयंघोषणापत्र चालते का? 'या नंबरवर फोन करू नका' असे बाईला नोंदवता येते का? येणाऱ्या संदेशात योजनेचे नाव आणि रक्कम न टाकता चालेल का? माझी नोंद कोणी आणि केव्हा उघडली, हे मला पाहता येते का? काम झाल्यावर फोटो केव्हा पुसणार, तारीख सांगा. उत्तर तोंडी घेऊ नये. तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी, आणि त्या पोचेची झेरॉक्स आम्हाला दाभोळला पाठवावी. दापोली आणि गुहागर, खाडीच्या दोन्ही अंगांचे अर्ज एकत्र करून जिल्हा परिषदेत नेणार आहोत.