अंजनेरीची पडकी देवळे

नाशिकहून त्र्यंबकेश्वराला जाताना अंजनेरीला जरूर उतरा. किल्ल्याच्या पायथ्याशी यादवकाळातील १६ देवळे आहेत, काही हिंदू, काही जैन. कुठे शिखर ढासळले, कुठे नुसते जोते उरले. एका जैन देवळात शके १०६३ चा, म्हणजे इ. स. ११४१-४२ चा शिलालेख आहे. गावातील दुकानांचे उत्पन्न चंद्रप्रभ तीर्थंकरांच्या देवळाला दिल्याची नोंद त्यात आहे. म्हणजे या आडगावात तेव्हा भरली पेठ होती!

आमच्या बांधातही आजोबांनी असाच एक नक्षीचा दगड रचला होता. अंजनेरीहून परतल्यावर मी आणि थोरल्याने तो पहारीने सोडवला, बैलगाडीतून गावच्या जुन्या महादेवापाशी नेऊन ठेवला. आई म्हणाली, "बरे झाले. येता-जाता पाय लागायचा त्याला."